दाराच्या किती मागे उभं राहायचं?

प्रश्न : मी गेल्या वर्षी कॅमेरा घेतला. ‘चौकटीत चौकट पकडा, फोटो उठून दिसेल’ असं जिथे तिथे वाचतो, म्हणून कुठेही गेलो की आधी दार, कमान, खिडकी, झाडाची फांदी शोधतो. पण माझ्या फोटोत कमानच कमान दिसते आणि पलीकडचं देऊळ काडेपेटीएवढं होतं. आत मिट्ट काळोख, बाहेर सगळं पांढरंफटक. काय चुकतंय? आणि खरं सांगा, ही चौकट फोटोला काही देते का, की नुसती सजावट? (मिरजेहून एक वाचक)

उत्तर : काडेपेटीएवढ्या देवळापासून सुरुवात करू. तो प्रश्न निव्वळ भूमितीचा आहे आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, पायांत आहे.

आग्र्याला ताजमहालाच्या बागेत शिरण्याआधी लाल दगडाचा एक भव्य दरवाजा लागतो, दरवाजा-ए-रौजा. तिथले गाइड प्रवाशांना एक गंमत हमखास दाखवतात. दरवाजाच्या अंधारातून पाहिलं तर ताज कमानीत गच्च भरलेला दिसतो. पुढे चालत जावं तसा तो लहान होत मागे सरकल्यासारखा वाटतो. वस्तूच्या जवळ जातोय आणि वस्तू आक्रसतेय! बांधणाऱ्यांची जादू म्हणून हे सांगितलं जातं. पण हे कुठल्याही दाराशी होतं, अगदी तुमच्या घराच्या दाराशीसुद्धा.

हिशेब करून बघा. समजा दार ५ मीटर रुंद आहे. मधली बाग साधारण ३०० मीटर लांब, आणि पलीकडची मूळ इमारत, बाजूचे मिनार सोडून, साधारण ५७ मीटर रुंद. दाराच्या ५ मीटर मागे उभे राहिलात, तर त्या दारातून ताजच्या अंतरावरचा ३०५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे इमारत दाराचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापते. बाकी सगळं आभाळ आणि झाडं. आता १० मीटर मागे या. पट्टा १५५ मीटरचा झाला, इमारत एक तृतीयांशाहून थोडी जास्त. २० मीटर मागे गेलात तर पट्टा उरतो ८० मीटरचा, आणि त्यातला सत्तर टक्के भाग ताजने भरलेला. दाराच्या मागे तुम्ही सरकलात फक्त १५ मीटर. ताजच्या दृष्टीने ते अंतर नगण्य आहे, दाराच्या दृष्टीने चौपट.

या हिशेबात लेन्स कुठेही आली नाही. चौकट आणि तिच्या आतली वस्तू यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तुम्ही कुठे उभे आहात एवढ्यावरच ठरतं. झूम केलं की दोन्ही सारखीच मोठी होतात, वाइड केलं की दोन्ही सारखीच लहान. बहुतेक जण इथेच फसतात: कमान पूर्ण मावत नाही म्हणून वाइड लेन्स लावतात, मग कमानीच्या अगदी तोंडाशी जातात, आणि देवळाची काडेपेटी होते. क्रम उलटा करा. आधी मागे सरका, देऊळ कमानीत हवं तेवढं भरू द्या, आणि मग त्या जागेवरून जे हवं तेवढंच झूमने उचला. मागे सरकायला जागा नसेल, पाठीला भिंत लागत असेल, तर ती चौकट त्या देवळासाठी नाही असं समजून पुढे चालू पडा.

डावी-उजवी बाजू आणि उंची यांचाही एक सोपा नियम आहे. तुम्ही जिकडे सरकाल, दूरची वस्तू चौकटीत तिकडेच सरकते. एक पाऊल उजवीकडे गेलात की कळस कमानीत उजवीकडे जातो. खाली बसलात की क्षितिज चौकटीत खाली उतरतं आणि वर आभाळ जास्त येतं. कळसाचं टोक कमानीच्या मधल्या टोकाला चिकटत असेल तर कॅमेरा वाकडा करून काही होत नाही. गुडघे थोडे वाकवा, दोघांत जागा पडेल. ही जागा महत्त्वाची. कळस कमानीला चिकटला की डोळा तिथेच अडकतो आणि दूर-जवळचं सगळं अंतर सपाट होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सजावटीचा. या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच.

‘चौकटीमुळे नजर मुख्य विषयाकडे जाते’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेलच. खोटं नाही, पण अपुरं आहे. नजर विषयाकडे न्यायला उजेड पुरतो, रंग पुरतो, माणसाचा चेहरा तर हमखास पुरतो. चौकट यापेक्षा वेगळं काहीतरी करते: बघणारा कुठे आहे, हे ती सांगते. नुसत्या देवळाचा फोटो ‘हे देऊळ’ एवढंच म्हणतो. ओवरीच्या खांबांमधून काढलेला फोटो म्हणतो की कुणीतरी सावलीत बसलंय, आणि तिथून देवळाकडे बघतंय. गजांच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत बघणारा आत अडकलाय. अर्धवट उघड्या दारातून काढलेल्यात तो चोरून बघतोय. देऊळ तेच, बघणारा वेगळा.

हे किती दूर जाऊ शकतं ते बघायचं असेल तर आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराचा १९३३ सालचा सेव्हिलमधला फोटो शोधा. स्पेनमधल्या त्या शहरात पडक्या भिंतीला पडलेल्या एका मोठ्या भगदाडातून त्याने आत खेळणारी मुलं टिपली आहेत. पुढे कुबड्या घेतलेला एक मुलगा, मागे बाकीची पोरं, आजूबाजूला ढिगारे. भगदाडाच्या वेड्यावाकड्या कडा हीच फोटोची चौकट. पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की बाँब पडलाय, हे युद्धातलं चित्र आहे. पण स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं १९३६ मध्ये, फोटोनंतर तीन वर्षांनी. युद्ध फोटोत नाही. ते त्या फुटक्या कडांनी आपल्या डोक्यात घातलं. त्याच मुलांचा तोच खेळ एखाद्या नीटनेटक्या कमानीतून टिपला असता, तर आपण त्याला शाळेची मधली सुट्टी म्हटलं असतं. चौकट इतकी बोलते. म्हणून ती निवडताना ‘ही छान दिसते का’ यापेक्षा ‘ही काय बोलतेय’ हे विचारणं जास्त गरजेचं.

आपल्याकडे रघुवीर सिंग यांनी हेच अँबॅसडर गाडी घेऊन केलं. १९४२ साली जयपूरला जन्मलेले हे छायाचित्रकार रंगीत फिल्मवर काम करायचे. त्या काळी गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच, असा बऱ्याच जाणकारांचा हट्ट होता. त्यांनी देशभर फिरताना गाडीची खिडकी, उघडं दार, पुढची काच, आरसा यांच्या चौकटीतून रस्ते, माणसं, बाजार टिपले. १९९९ मध्ये ते गेले. या फोटोंचं ‘अ वे इन्टू इंडिया’ हे पुस्तक त्यानंतर, २००२ साली आलं. त्या फोटोंमध्ये गाडी कधी लपवलेली नाही. दाराचा पत्रा, काचेची कड, सगळं समोर आहे, कारण फोटो काढणारा गाडीतून जाणारा माणूस आहे आणि बाहेरचा भारत चालत जाणारा. ते अंतर त्यांना पुसायचं नव्हतं. एखाद्या फोटोत दार आणि खिडकी मिळून चित्राचे तीन-चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात वेगळीच गोष्ट चाललेली असते. अशा वेळी ‘मुख्य विषय’ कोणता हे सांगताच येत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

सिनेमातलं उदाहरण हवं तर सत्यजित राय यांचा १९६४ चा ‘चारुलता’. सुरुवातीलाच चारू एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जात, झडपांच्या फटींतून, हातातली दुर्बीण डोळ्याला लावून रस्त्यावरची माणसं बघत राहते. तिच्या एकटेपणाबद्दल तोवर कुणी एक अक्षर बोललेलं नसतं.

तर सजावटीची परीक्षा अशी घ्या. फोटो समोर ठेवा आणि आतली चौकट बोटांनी झाका. काहीच हरवलं नाही, तर ती सजावट होती. फोटो उलट सुधारला, तर ती अडचण होती. झाकल्यावर फोटोतलं काहीतरी गप्प झालं, तरच ती चौकट ठेवा. या परीक्षेत झाडाची फांदी बहुतेक वेळा नापास होते, आणि तिच्याबद्दल माझं मत जरा कडकच आहे. आभाळाच्या वरच्या कोपऱ्यात कुठूनशी लोंबणारी चार पानं, जिचं खोड नाही, सावली नाही, अशी फांदी मला कॅलेंडरवाल्यांनी आपल्याला लावलेली खोड वाटते. फांदी घ्यायचीच असेल तर ती कुठून येते ते दिसू द्या, निदान बघणारा झाडाखाली उभा आहे एवढं तरी कळू द्या.

राहिला काळोख. उन्हातलं अंगण आणि माजघराचा अंधार यांत सहज सहा स्टॉपचा फरक असतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे सहा स्टॉपला ६४ पट. कॅमेरा दोन्हीची सरासरी काढायला जातो आणि दोन्ही बिघडवतो. त्याच्यावर सोपवू नका. चौकटीतल्या वस्तूवरचा उजेड मोजा, तो एक्स्पोजर पक्का करा आणि चौकटीला काळं होऊ द्या. काळी चौकट म्हणजे दोष नव्हे. उलट चौकट विषयापेक्षा उजळ असली की डोळा तिच्यावरच घोटाळतो. मात्र चौकट काळी होणार असेल तर तिच्यात उरते फक्त बाह्यरेषा, म्हणून ती रेषा तरी देखणी हवी. महिरपीच्या पाकळ्या काळ्या झाल्या तरी महिरपच राहतात. सिमेंटची चौकोनी चौकट काळी झाली की नुसती काळी पट्टी.

आणि लाकडावरचं कोरीवकामही दिसायला हवं असेल? मग दुपारी जाऊ नका. सूर्य बुडाल्यानंतर थोडा वेळ असा येतो की बाहेरचं आभाळ आणि आतला दिवा जवळपास सारख्या उजेडाचे होतात. ती वेळ फार टिकत नाही, म्हणून जागा आधीच ठरवून ठेवा.

सगळं स्पष्ट हवं की चौकट धूसर, हे ठरवायलाही थोडा हिशेब लागतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स एफ/८ ला ठेवून अडीच मीटरवर फोकस केला, तर सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तेच ५० मिमीला करायचं तर फोकस १० मीटरच्या आसपास हवा आणि चौकट निदान पाच मीटर दूर. मागे सरकण्याचा हा आणखी एक फायदा. चौकट धूसर ठेवायची असेल तर तिच्या अगदी जवळ जा, छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून मोठं करा. पण मग पूर्ण धूसर करा. अर्धवट धूसर चौकट पाहणाऱ्याला फोकस चुकल्यासारखी वाटते.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त फोन आहे. फोनवर हे जमेल का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : जमेल, आणि काही बाबतींत जास्त सोपं. फोनचा सेन्सर लहान, म्हणून दार आणि दारापलीकडचं दोन्ही आपसूक स्पष्ट येतं. दारापलीकडच्या उजळ भागावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर तिथेच अडकून बसतात. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा.

दोन गोष्टी टाळा. पोर्ट्रेट मोड जाळी, गज, पानं यांच्या कडांवर हमखास गोंधळतो. गजाचा अर्धा भाग स्पष्ट आणि अर्धा विरघळलेला, असं काहीतरी करून ठेवतो. दुसरं एचडीआर. जमत असेल तर बंद करून एक फोटो काढून बघा. एचडीआर अंधार उपसून वर काढतो आणि ऊन दाबतो. मग दार आणि अंगण एकाच उजेडात, एकाच आवाजात बोलायला लागतात. ज्या अंधारात तुम्ही उभ्या होतात तोच नाहीसा होतो.

फोनवर ‘०.५’ चं, म्हणजे वाइडचं, बटण दिसलं की मोह होतो. वर ताजच्या दाराचं सांगितलंय, ते वाचून मगच दाबा.

प्रश्न : सराव कुठे आणि कसा करावा? गडकिल्ल्यांवर जाणं होतं, पण तिथे घाई असते. (एक ट्रेकर, डोंबिवली)

उत्तर : कॅमेरा न घेता सुरू करा. जुनी जाड लग्नपत्रिका घ्या आणि तिच्या मधोमध ६ बाय ९ सेंटिमीटरचा आयत कापा. एक डोळा मिटून, हा आयत दुसऱ्या डोळ्यापासून साधारण साडेबारा सेंटिमीटरवर धरलात तर जेवढं दिसतं, तेवढंच फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स बघते. सात सेंटिमीटरवर आणलात की २८ मिमी, पंचवीसवर नेलात की १०० मिमी. लेन्स विकत घेण्याआधी कुठली हवी हे या पत्रिकेवरून चांगलं कळतं. आणि ती घेऊन घरातल्याच एका दाराशी पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे चालत राहिलात, तर पहिल्या उत्तरातला सगळा हिशेब डोळ्यांना आपोआप कळायला लागतो.

गडांवर तुम्ही जाताच, तर राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं या कामासाठी उत्तम. खडकाला आरपार पडलेलं ते भोक म्हणजे निसर्गाने आखून दिलेली चौकट. सगळे जण नेढ्यात चढून बसतात आणि खालून कुणीतरी फोटो काढतं. तोही वाईट नसतो, काळ्या खडकात बसलेलं माणूस उजळ आभाळापुढे छान उठतं. पण माणूस एवढंसं दिसू द्या, कारण नेढं केवढं आहे ते माणसावरूनच कळणार. आणि तिथला वारा विसरू नका. कॅमेऱ्याचा पट्टा मानेत असू द्या. रतनगडालाही असंच नेढं आहे, माथ्यावर.

घाई नको असेल तर घारापुरीला जा. तिथल्या मुख्य लेण्यात उत्तरेच्या दाराने शिरलात की समोर, खांबांच्या रांगांपलीकडे, दक्षिणेच्या भिंतीत ती तीन मुखांची महेशमूर्ती. दोन्ही अंगांना द्वारपाल. ही चौकट आपण शोधायची नाही, शिल्पकारांनीच रचून ठेवली आहे. आपल्याला फक्त अंतर ठरवायचंय. मूर्तीच्या पुढ्यात गर्दी असते ती असू द्या, दाराकडे मागे या. खांब दोन्ही बाजूंनी आत येतात, मूर्ती अंधारात मावते, आणि समोरून जाणारा एखादा माणूस तिच्या आकाराचा अंदाज देऊन जातो. उजेड फक्त मोकळ्या तोंडांतून येतो, म्हणून आयएसओ वाढवा. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

एकच खिडकी वर्षानुवर्षं पुरते की नाही अशी शंका असेल, तर योसेफ सुदेक याचं काम बघा. प्रागमधल्या या छायाचित्रकाराने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. पुढे १९४० ते १९५४ या काळात त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटोंची एक मालिकाच केली. काचेवर कधी दव, कधी बर्फाची नक्षी, बाहेर अंगणातलं एक वाकडं झाड. त्यातली पहिली काही वर्षं शहरावर नाझींचा ताबा होता. कॅमेरा घेऊन बाहेर हिंडण्याचे ते दिवस नव्हते. तसं तर आज जगात शिल्लक असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्हही खिडकीचीच आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडमधल्या लेकॉक इथल्या आपल्या घराच्या जाळीदार खिडकीची ती काढली. पोस्टाच्या तिकिटाएवढी. भिंग लावलं तर काचेचे साधारण दोनशे तुकडे मोजता येत होते, अशी त्याने शेजारी नोंद करून ठेवली आहे.

एक पथ्य मात्र पाळा. दुसऱ्याच्या घराची खिडकी बाहेरून दिसली आणि आत माणूस असलं, तर आधी विचारा. वाड्यातली आजी बहुतेक वेळा ‘काढ की’ म्हणेल आणि वर चहाही देईल. पण नाही म्हणाली तर नाही.

प्रश्न : चौकट म्हणून घेतलेली भिंत नंतर कापून टाकली तर ती फसवणूक होते का? आमच्या कॅमेरा क्लबमध्ये यावरून भांडणं होतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अजिबात नाही. क्लबमध्ये सांगायला एक दाखला देतो. कार्तिए-ब्रेसाँ आपले फोटो कापायला नाखूश असे. जे दिसलं ते टिपतानाच पूर्ण असायला हवं, असा त्याचा आग्रह होता. पण त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो, १९३२ सालचा, पॅरिसमधल्या सें-लाझार स्टेशनच्या मागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा, कापलेलाच आहे. तिथे दुरुस्तीच्या कामाभोवती फळ्यांचं कुंपण होतं आणि तो फटीला कॅमेरा लावून बघत होता. फट लेन्सपेक्षा अरुंद निघाली, डावीकडे फळी आडवी आली. ती त्याने कापून टाकली.